वरच्या खोलीपर्यंतची वायर

टिळकवाडी, बेळगाव
रविवार

प्रिय निवी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. पावसाळाभर आईचा गुडघा कुरकुरत होता, पण दिवाळीनंतर तोही गप्प बसलाय. पत्र लिहितोय कारण तुझ्या आप्पांनी या वयात एक नवा उद्योग केलाय आणि तो फोनवर सांगण्यासारखा नाही. फोनवर तू "हो का, छान" म्हणतेस, मागून तुझ्या ऑफिसचं काहीतरी टुणटुण वाजतं आणि माझी गोष्ट तिथंच संपते. पत्रात मला कुणी मध्ये तोडू शकत नाही. कोर्टात सगळी नोकरी दुसऱ्यांची वाक्यं कानडीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करण्यात गेली. आता एकदा माझी स्वतःची गोष्ट, माझ्याच भाषेत, ऐसपैस सांगू दे.

तर मी नेटची वायर तयार करायला शिकलो. हसू नकोस. म्हणजे हस, आईसुद्धा अजून हसते.

सुरुवात तुझ्यामुळंच झाली. गणपतीत तू आलीस ती लॅपटॉप घेऊन. वरच्या तुझ्या खोलीत वायफायची एक दांडी यायची आणि जायची. मग तू उशी घेऊन जिन्यात बसायचीस, मांडीवर लॅपटॉप, आणि सारखी "हॅलो, माझा आवाज येतोय का" म्हणायचीस. आई मोदकाची ताटली घेऊन तुला ओलांडून वर जायची, ओलांडून खाली यायची. एका मीटिंगमध्ये तू बोलत असतानाच सगळं गेलं. तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालीस, "आप्पा, इथून काम नाही जमणार. वरपर्यंत वायर असती तर जमलं असतं." दुसऱ्या दिवशी तू पुण्याला परत गेलीस. तुझं ते "जमलं असतं" मात्र माझ्या डोक्यात राहिलं.

कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्यानं भिंतीवर टकटक केलं, दगडी भिंत म्हणजे मोठं ड्रिल लागणार असं सांगितलं, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला आणि अजून येतोयच. मी म्हटलं, भिंत फोडायची गरजच काय? हॉलमधून बाहेर जाणारं आपल्या जुन्या टीव्हीच्या अँटेनाचं भोक आहेच. तिथून बाहेर, पन्हाळीच्या पाइपावरून वर, तिकडून माळ्यावर आणि माळ्यावरून तुझ्या खोलीत. कागदावर रस्ता आखला तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की आईला दोनदा समजावून सांगितला. मग बाजारातून दोन्ही टोकांना जॅक लावलेली तयार वायर आणली, आणि जॅक काही त्या भोकातून जाईना. आडवा, उभा, तिरका, साबण लावून, सगळं झालं. शेवटी खडेबाजारातला दुकानदारच म्हणाला, "सर, सुट्टी वायर घ्या, भोकातून घाला, जॅक नंतर तुम्हीच हाक्कोळ्रि." हाक्कोळ्रि म्हणजे लावून घ्या, हे तुला सांगायला नकोच. एका वाक्यात दोन भाषा आणि व्याकरण दोन्हीकडचं शाबूत. असं वाक्य कानावर पडलं की मला अजून नोकरीत असल्यासारखं वाटतं. मी सुट्टी वायर घेतली, मूठभर जॅक घेतले आणि जॅक दाबून बसवायची ती पक्कडही घेतली.

जेवणाच्या टेबलावर आमचा कारखाना सुरू झाला. वायरची वरची साल काढली की आत आठ बारीक तारा निघतात, दोन दोन एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या. एक केशरी आणि तिची पांढऱ्यावर केशरी रेघ असलेली जोडीदार, तशाच हिरव्या, निळ्या, तपकिरी. पीळ सोडवायचा, तारा सरळ करायच्या, ओळीत धरायच्या, एका रेषेत कापायच्या आणि त्या नखाएवढ्या जॅकमध्ये एकदम सरकवायच्या. माझ्या बोटांनी आयुष्यात फक्त टाइपरायटर आणि पेन धरलेलं. सात तारा आत जायच्या आणि आठवी बाहेर वाकून माझ्याकडं बघत राहायची. आई थोडा वेळ बघत बसली, मग चष्मा लावून म्हणाली, "द्या इकडं." तिनं चमच्याची पाठ फिरवून आठही तारा अशा सपाट केल्या की कुरडया घालणारी बाई काय करेल. त्या दिवसापासून तारा सरळ करणं तिच्याकडं, कापणं माझ्याकडं आणि पक्कड दाबायला दोघांचे हात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका कामावर असे दोघं मिळून आम्ही कधी बसलो नव्हतो. तिचं स्वयंपाकघर, माझे कागद. आता संध्याकाळचा चहा झाला की तीच विचारते, "आज करायचेत का जॅक?"

पहिले बरेच फुकट गेले. कधी साल काढताना आतली तार कापली जायची, कधी तार टोकापर्यंत पोचायची नाही. एकदा मात्र दोन्ही टोकांचे जॅक झकास बसले. आईनं कौतुकानं टेबलावर वायरीची गुंडाळी ठेवली, मी हात धुऊन आलो, आणि मग आम्ही दोघांनी एकाच वेळी अँटेनाच्या भोकाकडं बघितलं. भोकातून वायर घालायचीच राहिली होती. निवी, आई इतकी हसली की तिला खुर्चीत बसून पाणी प्यावं लागलं. मी एका टोकाचा जॅक कापून टाकला. काय करणार?

इथं मारुतीराव या गोष्टीत येतात. शेजारच्या कुलकर्ण्यांचं घर विकलं गेलं हे तुला माहीत आहे, तिथं ते राहायला आलेत. मूळचे बेळगुंदीचे, लष्करात सिग्नलला होते, निवृत्तीनंतर काही वर्षं कॅम्पात भाड्यानं राहिले, आता इथं घर घेतलंय. मी शिडीवर चढून पन्हाळीला वायर बांधत होतो तेव्हा ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "शिरपादराव, उतरा खाली. बर्फात टेलिफोनची तार वढलीया आम्ही. हे आमचं काम." त्यांनी खरोखरच झरझर वायर वरपर्यंत नेली, ती नेताना काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत सगळे मुलूख फिरवून आणले आणि उतरल्यावर आमच्याकडं रताळ्यांची पिशवी दिली. दुसऱ्या दिवशी तपासायचं यंत्र घेऊन हजर. त्याचे दोन तुकडे असतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. आठ तारांचे आठ दिवे, एकेक करून पेटतात. मारुतीराव खाली हॉलमध्ये, मी वर तुझ्या खोलीत. ते खालून ओरडायचे, "तीन पेटला का?" मी वरून ओरडायचो, "पेटला!" "चार?" "पेटला!" त्यांचा आवाज फौजी आणि माझा, उत्साहात, त्याहून मोठा. आम्ही सहावर पोचलो तोवर समोरच्या जयाबाई पाण्याची बादली घेऊन आपल्या अंगणात. "काय पेटलंय वो? सिलिंडर हाय का?" म्हणत त्यांनी अर्धी बादली पायरीवरच्या मारुतीरावांच्या चपलांवर ओतलीसुद्धा. दोन तास गल्लीत दुसरा विषय नव्हता.

आठही दिवे पेटले होते. मारुतीरावांनी "पास!" म्हणून जाहीर केलं. आईनं शिरा केला. मी माझा लॅपटॉप वर नेऊन तुझ्या टेबलावर ठेवला, जॅक खोचला आणि नेट सुरू झालं. पण झालं ते कसं? बातमीचं पान उघडायचं, चित्र अर्धं यायचं. कुणाला व्हिडिओ लावला की तोंड उघडं राहून माणूस गोठायचा. मग आमचे तर्क सुरू. मारुतीराव म्हणाले कंपनीच्या डब्यात खोट आहे. मी म्हणालो लॅपटॉप जुना आहे. डबा बंद करून चालू केला, त्याचं दुसरं भोक बघितलं, खाली डब्याशेजारी बसून बाजारची छोटी तयार वायर लावली तर सगळं धावत होतं. म्हणजे खोट आमच्याच वायरीत. पण यंत्र तर आठही दिवे दाखवतंय. मारुतीराव यंत्र उलटंसुलटं करून बघायचे आणि म्हणायचे, "हे खोटं न्हाय बोलत." मीही सरकारी पद्धतीनं तोच दाखला पुन्हा पुन्हा मागत राहिलो आणि तेच उत्तर पुन्हा पुन्हा मिळत राहिलं.

शेवटी मी सौम्याला फोन केला. तुझी सौम्या, शाळेपासूनची. ती आता इथल्या एका कॉलेजात हेच काम बघते, दोन-तीन इमारतींचं सगळं जाळं तिच्याकडं आहे. शनिवारी दुपारी कडोलीहून गाडी घेऊन आली. तिनं यंत्राला हातही लावला नाही. जॅक उजेडात धरला, पारदर्शकच असतो तो, आणि हसत सुटली. "काका, हे रंग कुणी लावलेत?" मी छाती पुढं करून म्हणालो, मी. कारण मला माझ्या रांगेचा अभिमान होता. केशरीशेजारी केशरी, हिरवीशेजारी हिरवी, निळीशेजारी निळी, तपकिरीशेजारी तपकिरी, पंगतीला नवराबायको शेजारी बसवावेत तशी. दोन्ही टोकांना तंतोतंत. सौम्या म्हणाली, "दिसायला लई भारी हाय काका. पण या जॅकमध्ये तिसरी आणि सहावी जागा मिळून काम करतात. तिथं एकाच पिळातल्या दोघी लागतात. म्हणून हिरवी जोडी जरा फाकवायची आणि मधे निळी बसवायची. तुम्ही तिसऱ्या जागी हिरवीतली एक बसवलीय आणि सहाव्या जागी निळीतली. जोडी फुटलीय." मग मारुतीरावांच्या यंत्राकडं बघून म्हणाली, "ह्याला एवढंच कळतं, हिकडची तार तिकडं पोचली का. कोण कुणासंगं हाय ते त्याला कळत न्हाय. वरवर सगळं पास दाखवणार, आणि आत गोंधळ."

आई चहा करायला म्हणून उठून आत गेली. चहा झालेला होता, टेबलावरच होता. सौम्यानं माझ्याकडं बघितलं, मी जॅककडं. ती तुझी इतकी जवळची मैत्रीण, पण तिनं तुझ्याबद्दल काही विचारलं नाही.

आई का उठली ते सांगायला थोडं मागं जायला हवं. वायर माळ्यावरून सरकवायची होती तेव्हा मारुतीराव बाहेर पन्हाळीशी होते आणि मी माळ्यावर गुडघ्यांवर. मध्ये तुझी ती मोठी निळी बॅग. गणपतीत जाताना तू मला वर ठेवायला सांगितलीस, "जुने कपडे आहेत, आप्पा, राहू देत इथं." मी ती बाजूला ओढली आणि ती वाजली. जुने कपडे वाजत नाहीत, निवी. मी तशीच ठेवून खाली आलो असतो, पण आई जिन्यात टॉर्च धरून उभी होती आणि तिनंही तो आवाज ऐकला होता. बॅग तिनं उघडली, मी नाही, आणि त्याबद्दल आमच्यावर रागावू नकोस. जुन्या चादरींत नीट गुंडाळून आईची समई होती, तुझ्या लग्नातली हिरवी इरकल होती, आणि भांडी. ज्या भांड्यांवर आईनं "चि. निवेदितास" असं कोरून घेतलं होतं, तेवढीच. तिकडचं एकही नाही. आई माळ्याखालच्या पायरीवर बसली, समई मांडीवर घेतली आणि पदरानं पुसत राहिली. रडली नाही. मग तू गुंडाळलं होतंस तसंच सगळं पुन्हा गुंडाळून ठेवलं, चादरीच्या घड्यासुद्धा तशाच. मला म्हणाली, "तिनं सांगितलेलं नाही. तोवर आपण विचारायचं नाही." मी बरं म्हटलं. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि वळून म्हणाली, "पण ती वायर तेवढी लवकर करा."

त्यामुळं सौम्यानं रंगांची खरी रांग कागदावर लिहून दिली तेव्हा आई आतून डोळे पुसून आली आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसली. आम्ही दोन्ही टोकं कापली, आधी खालचं, मग वर तुझ्या खोलीत जाऊन तिथलं. सौम्या नुसती बघत बसली, हात लावायचा नाही असं आईनंच तिला बजावलं होतं. चमच्याच्या पाठीनं तारा सपाट झाल्या, हिरवीच्या मधे निळी गेली, आणि पहिल्याच फटक्यात दोन्ही जॅक बसले. आई वर गेली, मी खाली राहिलो, आणि आम्ही एकाच घरातून एकमेकांना व्हिडिओ लावला. ती पडद्यावर आली ती अशी लख्ख की तिच्या कानामागची पांढरी बट दिसत होती. तिनं मला पहिलं विचारलं, "जेवलात का?" दुपारी तिनंच वाढलं होतं. मागून मारुतीरावांनी पडद्यात तोंड घालून "वैनी, आवाज येतोय का?" असं विचारलं ते इतक्या जोरात की वायर नसती तरी चाललं असतं. जयाबाई या वेळी बादली न घेता आल्या. सौम्यानं वेग मोजला आणि म्हणाली तिच्या कॉलेजातसुद्धा एवढा मिळत नाही. ते मला बरं वाटावं म्हणून असेल, पण मी ते सगळ्या गल्लीला सांगितलंय.

आमची कीर्ती आता पसरत चाललीय. जयाबाईंच्या सुनेला तिच्या शिवणाच्या खोलीत वायर हवीय, मारुतीरावांना त्यांच्या गच्चीवर. आई म्हणते, आधी घरचं पुरं करा. म्हणून तुझ्या खोलीला पांढरा रंग काढला, टेबल खिडकीशी लावलं. सकाळचं ऊन बाजूनं येईल, पडद्यावर येणार नाही, असं बसून बघून ठरवलंय. लाइट गेली तर नेटचा डबा आणि तुझा लॅपटॉप दोन्ही चालू राहतील असा छोटा इन्व्हर्टर बसवलाय. दाराला आतून कडी नव्हती, ती लावून घेतली. तू मीटिंगमध्ये असताना आई मोदक घेऊन आत यायला नको.

आता हे सगळं का लिहिलं ते. तू विचारायच्या आत सांगतो की मी काही विचारत नाहीये, आईला शब्द दिलाय. मी फक्त कळवतोय की वरच्या खोलीपर्यंत नेट पोचलं. गणपतीत तू सणाला नव्हे, राहायला आली होतीस, हे आम्हाला उशिरा कळलं. नेट नाही एवढं कारण तुला पुरलं आणि तू परत गेलीस. ते कारण आता राहिलेलं नाही. अनयरावांबद्दल, आमच्या जावयांबद्दल, मी एक अक्षरही लिहिणार नाही. कोर्टात मी फक्त भाषांतर केलं, निकाल कधी दिला नाही आणि आताही देणार नाही. तू चार दिवसांसाठी ये, कायमची ये, सगळं पुन्हा जुळवायचं ठरवलंस तर जरा दम खायला म्हणून ये. नातेवाइकांना काय सांगायचं ते मी बघतो. तीन भाषांतून काहीच न सांगण्याचा मला चांगला सराव आहे. पुण्याहून गाडीत बसलीस की काही कळवू नकोस, वाटेत काय बोलायचं याची जुळवाजुळवही करू नकोस. निपाणी आली की एक फोन कर आणि "निपाणी" एवढंच म्हण. आम्ही दोघं स्टँडवर येऊन थांबू.

तुझाच,
आप्पा